जनावराचं हृदय तपासायला शिकताना: गोठ्यापासून दवाखान्यापर्यंत

पशुवैद्यकीय महाविद्यालयात नुकतीच दाखल झालेली मुलं, पदविका करणारे होऊ घातलेले पशुधन पर्यवेक्षक आणि घरात म्हातारं कुत्रं किंवा गोठ्यात चार गाई असलेली माणसं, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: हृदयाचा अभ्यास सुरू कुठून करायचा? बहुतेकांना वाटतं की ईसीजी आणि टूडी इकोपासून (इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी). माझं मत वेगळं आहे. आधी निरोगी जनावर डोळ्यांनी, बोटांनी आणि कानांनी पाठ व्हायला हवं. ते झालं नसेल तर मशीनवरचा आकडा हातात येऊनही त्याचं काय करायचं ते कळत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार निदान आणि उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम आहे. खाली जे आहे ते बघणं, मोजणं, ऐकणं आणि लिहून ठेवणं यापुरतं आहे. हृदयाची औषधं कुणाच्या तरी कुत्र्याला लागू पडली म्हणून आपल्या कुत्र्याला देऊ नका. लघवी वाढवणारी गोळीसुद्धा चुकीच्या मात्रेत मूत्रपिंडावर बेतते.

पहिली पायरी: हृदय हातात घ्या

चित्रातलं हृदय सपाट असतं आणि म्हणूनच लक्षात राहत नाही. खाटकाकडून बोकडाचं दिल आणा. आदल्या दिवशी सांगून ठेवा की वरच्या नळ्या लांब ठेवून काढा, नाहीतर त्या मुळापासून छाटलेल्या मिळतात आणि अर्धी मजा जाते. हातमोजे, धारदार सुरी, कात्री आणि एक तांब्याभर पाणी एवढं साहित्य पुरे.

कापायची घाई करू नका. आधी दोन्ही बाजू बोटांनी दाबून पाहा. एक बाजू घट्ट लागेल, दुसरी लिबलिबीत. घट्ट ती डावी. वरून तिरकी उतरणारी चरबीची रेघ दिसेल. तिच्याखाली हृदयाला स्वतःला रक्त पुरवणारी वाहिनी असते आणि तीच दोन खालच्या कप्प्यांमधली हद्द. आता वरच्या नळ्यांत करंगळी घाला. महाधमनी जाड भिंतीची, बोट काढलं तरी तोंड उघडं राहतं. शिरा मात्र लगेच मिटतात.

मग महाधमनीचं तोंड वर धरून तिच्यात सावकाश पाणी ओता. तळाशी तीन पाकळ्यांची झडप फुगून मिटते आणि पाणी बराच वेळ वर थांबून राहतं. स्टेथोस्कोपमध्ये जो दुसरा ठोका ऐकू येतो, तो या आणि शेजारच्या फुप्फुस धमनीतल्या झडपा मिटतानाचा. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की 'लब-डप' मधला 'डप' कायमचा कळतो.

आता कापा. डाव्या खालच्या कप्प्याची भिंत उजव्याच्या साधारण तिप्पट जाड भरेल, कारण डाव्याला सगळ्या अंगाला रक्त ढकलायचं असतं आणि उजव्याला फक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंत. डावीकडच्या मोठ्या झडपेला खालून बारीक पांढरे दोरे बांधलेले असतात. एक दोरा चिमटीत धरून ओढा आणि झडपेची कड कशी हलते ते पाहा. म्हाताऱ्या छोट्या कुत्र्यांमध्ये हीच झडप जाड आणि गाठाळ होते, कधी दोरा तुटतो, आणि कालपर्यंत हिंडणारं कुत्रं रात्रीत धापा टाकायला लागतं. शवविच्छेदनात गाई-बैलाचं हृदय पाहायला मिळालं तर महाधमनीच्या मुळाशी चाचपा. तिथे खरोखरीचं हाड असतं.

दुसरी पायरी: निरोगी जनावरांचे ठोके मोजा आणि वही ठेवा

विश्रांतीत मोठ्या गाईचे ठोके मिनिटाला साधारण ६० ते ८०, शेळी-मेंढीचे ७० ते ९०, घोड्याचे अवघे २८ ते ४४. कुत्र्यात जातीप्रमाणे फरक पडतो: मोठ्या कुत्र्यांत ७०-८०, छोट्यांत १२० च्या पुढेही. मांजर घरी निवांत असेल तर १२० ते १६० च्या आसपास, तेच दवाखान्याच्या टेबलावर २०० ओलांडतं. वासरं, पिल्लं आणि करडं यांचे ठोके मोठ्यांपेक्षा नेहमीच जलद.

हे आकडे पाठ करून भागत नाही. आपल्या भागातली, आपल्या ओळखीची जनावरं मोजा. गाय दुपारी उन्हात चालून आली असेल, नुकतीच धार काढली असेल, माजावर असेल, तर आकडा बदलतो. वहीत तारीख, वेळ, जनावर, वय, काय करत होतं, ठोके, श्वास आणि ताप एवढे रकाने आखा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय लावून घेऊ नका, पूर्ण मिनिट मोजा. ठोका मधेच चुकत असेल तर तो पंधरा सेकंदांत सापडेलच असं नाही.

नाडी कुठे पाहायची? कुत्र्या-मांजरात आणि शेळीत मांडीच्या आतल्या बाजूला. घोड्यात खालच्या जबड्याच्या कडेवर, जिथे धमनी हाडावरून वळते तिथे. गाईत शेपटीच्या खालच्या बाजूला, गुदद्वारापासून वीतभराच्या आत, मधोमध. मागे उभं राहण्यापूर्वी गाईला तुमची चाहूल लागू द्या, खुब्यावर हात ठेवा आणि मगच शेपटी उचला. अंगठ्याने नाडी पाहू नका. स्वतःचीच नाडी लागते.

तिसरी पायरी: हात लावण्याआधी बघा

जनावर धरलं की ते बिचकतं आणि ठोके वाढतात. म्हणून आधी लांबून. श्वास छातीने घेतंय की पोटाने? मान पुढे ताणून, कोपरं बाहेर काढून उभं आहे का? गळ्याखालच्या पोळीला, जबड्याखाली किंवा पोटाखाली सूज आहे का? बोट दाबलं तर खळगा राहतो का?

मग हिरड्या. गुलाबी आणि ओलसर असाव्यात. बोटाने दाबून सोडलं की पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. काळ्या हिरड्यांच्या कुत्र्यात किंवा म्हशीत डोळ्याची खालची पापणी ओढून पाहा.

गाईत मानेची शीर शिकायला सगळ्यात मोलाची, आणि नवशिके तिकडे ढुंकूनही पाहत नाहीत. डोकं नेहमीच्या उंचीवर असताना मानेच्या खालच्या एक तृतीयांश भागात थोडी हालचाल दिसणं साहजिक आहे. ती वर जबड्याकडे चढत असेल, किंवा शीर कायम टम्म भरलेली असेल, तर सावध व्हा. खात्री करायला मानेच्या मध्यावर शीर बोटांनी दाबून धरा. दाबलेल्या जागेच्या वर ती फुगणारच. खाली मात्र रिकामी व्हायला हवी. खालीही भरलेलीच राहिली तर रक्त हृदयात नीट शिरत नाही असा अर्थ.

याच शिरेमुळे एक नेहमीचा घोळ सुटतो. जबड्याखाली सूज असलेली शेळी दिसली की लोक लगेच हृदयावर संशय घेतात. पण पापणी पांढरीफटक आणि मानेची शीर साधी असेल तर बहुधा पोटातल्या रक्तपिपासू जंतांचं ते काम असतं. रक्त आणि प्रथिनं कमी झाली म्हणून पाणी उतरतं. अशा पातळ रक्ताच्या जनावरात स्टेथोस्कोपला मंद फुसफुसही (नेहमीच्या ठोक्यांखेरीज येणारा जादा आवाज) ऐकू येते, गोचीड तापाने खंगलेल्या गाईतही येते, आणि रक्त भरून आलं की ती जाते. झडपेचा आजार समजून त्यावर शिक्का मारू नका.

चौथी पायरी: स्टेथोस्कोप

शांत जागा हवी. गोठ्यात दूधयंत्र किंवा कुट्टी चालू असेल तर बंद करायला सांगा. कुत्रं धापत असेल तर तोंड हलकेच मिटून धरा. पण त्याला आधीच दम लागला असेल तर हे करायचं नाही. मांजर गुरगुरत असेल तर शेजारी नळ सोडून बघा, बऱ्याचदा थांबतं. गाईचं हृदय पुढच्या पायाआड लपलेलं असतं, म्हणून तिचा डावा पाय एक पाऊल पुढे घेऊन कोपराच्या आत चकती सरकवावी लागते. नवशिके कोपराच्या मागे ऐकत बसतात आणि आवाज बारीक येतो म्हणून घाबरतात.

कुत्रं उभं असताना डाव्या कोपरामागे तळहात ठेवा. जिथे ठोका हाताला सर्वात जोरात लागतो ती जागा पाचव्या फटीत, म्हणजे पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मध्ये. डावीकडची मोठी झडप इथे ऐकायची. तिथून थोडं पुढे आणि वर, चौथ्या फटीत महाधमनीची झडप. आणखी पुढे, थोडं खाली, तिसऱ्या फटीत फुप्फुस धमनीची. मग उजवीकडे चौथ्या फटीच्या आसपास उजवी झडप. उजवी बाजू कधी चुकवू नका. जन्मजात छिद्राचा आवाज पुष्कळदा तिकडेच मोठा असतो.

ऐकताना दुसऱ्या हाताची बोटं मांडीच्या नाडीवर असू द्या. प्रत्येक ठोक्याला नाडी लागली पाहिजे. कानात ठोका आला आणि बोटाला नाडी लागली नाही, तर ते लिहून ठेवा आणि वरिष्ठांना लगेच दाखवा. ठोके अगदी बेताल आणि नाड्या त्याहून कमी असतील तर वरचे कप्पे नुसते थरथरत असण्याची शक्यता असते.

सगळ्याच अनियमित ठोक्यांना मात्र घाबरायचं नाही. निरोगी कुत्र्याचे ठोके श्वास घेताना जलद आणि सोडताना मंद होतात. आपल्या गावठी कुत्र्यांत निवांत असताना हे छान ऐकू येतं, मुद्दाम ऐकून ठेवा. उभ्या असलेल्या तंदुरुस्त घोड्याचा एखादा ठोका मधेच गळतो. थोडं पळवून आणलं की ताल सरळ होतो. पळवल्यावरही सरळ झाला नाही तर मात्र तो आजार.

फुसफुस ऐकू आली की तीन गोष्टी लिहा: कुठे सर्वात मोठी, पहिल्या आणि दुसऱ्या ठोक्याच्या मध्ये की नंतर, आणि सहापैकी कितवी श्रेणी. पहिली श्रेणी शांत खोलीत कान देऊन ऐकली तरच कळते. पाचवीत छातीवर ठेवलेल्या हाताला थरथर लागते. सहावीत चकती छातीपासून किंचित उचलली तरी आवाज येतो. आवाज मोठा म्हणजे आजार मोठा, असं धरून चालू नका. दोन कप्प्यांमधलं बारीक छिद्र प्रचंड आवाज करतं आणि पिल्लू मजेत बागडत असतं.

पाचवी पायरी: प्रत्येक जनावराचा नेहमीचा आजार

*गाय-म्हैस: तार.* महाराष्ट्रात काम करायचं असेल तर हा आजार सगळ्यात आधी शिका. गाय वैरण न निवडता जिभेने ओढून गिळते. वैरणीत बाइंडिंग वायरचा तुकडा, खिळा किंवा सुई असली तर ती दुसऱ्या, जाळीच्या पोटात जाऊन बसते. हे पोट आणि हृदय यांच्यामध्ये श्वासपटल आणि काही सेंटिमीटरचं अंतर, बस्स. पोट आकुंचन पावतं, त्यात गाभणपणी किंवा विताना दाब वाढतो, आणि तार पुढे सरकून श्वासपटल भेदून हृदयावरणात शिरते.

सुरुवात अशी होते: दूध एकाएकी तुटतं, रवंथ थांबतो, थोडा ताप, पाठ कमानदार, कोपरं बाहेर. उतारावरून चालायला गाय तयार होत नाही, बसताना-उठताना कण्हते. खांद्यामागे पाठीची कातडी चिमटीत दाबली तर निरोगी गाय पाठ खाली वाकवते. दुखत असलेली पाठ ताठ धरते आणि हुंकारते. दुसरी पद्धत तिघांनी करायची: दोघांनी पुढच्या पायांमागून पोटाखाली एक जाड काठी घालून हळूहळू वर उचलायची आणि झटकन सोडायची. तिसऱ्याने श्वासनळीवर स्टेथोस्कोप ठेवून कण्हणं ऐकायचं.

हृदयावरणात पू आणि पाणी साचलं की चित्र बदलतं. ठोके १०० च्या वर जातात आणि दबके होतात. मग घागरीत पाणी डुचमळल्यासारखा आवाज येतो. मानेची शीर टम्म, पोळी सुजलेली. या टप्प्यावर आलेल्या फार थोड्या गाई वाचतात, हे शेतकऱ्याला स्पष्ट सांगावं. खोटी आशा दाखवून त्याचे पैसे खर्चात घालू नयेत. काय ते आधीच्या टप्प्यात करायचं असतं. म्हणून दूध तुटलेल्या गाईला पाचक पूड देऊन चार दिवस वाट बघत बसू नका.

खबरदारी स्वस्त आहे. कुट्टी यंत्राच्या तोंडाशी लोहचुंबक लावा. घरात बांधकाम चालू असेल तर वैरण त्या बाजूला रचू नका. टायर जाळलेल्या जागी जनावरं सोडू नका, टायरच्या आतली बारीक तार राखेत शिल्लक राहते. पशुवैद्यकाकडून गाईच्या पोटात गुळगुळीत चुंबक सोडून घेता येतो; तो जाळीच्या पोटात राहून तारा धरून ठेवतो.

गोठ्यात आणखी दोन गोष्टी विचारायच्या. जवळपास कण्हेर आहे का? महामार्गाच्या दुभाजकावर आणि कुंपणाला ती सर्रास असते, छाटलेल्या फांद्या शेळ्या खातात, आणि तिचं विष थेट हृदयाचा ताल बिघडवतं. आणि लहान वासरांना सरकी किती घातली जाते? सरकीतलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य कोटीपोट (पहिलं मोठं पोट) नीट चालू न झालेल्या वासरांच्या हृदयाला घातक ठरतं. लाळ्या-खुरकुताच्या साथीत तोंडात एकही फोड नसताना वासरू अचानक मेलं तर शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूवर फिकट पट्टे दिसू शकतात. विषाणूने स्नायूच खाल्लेला असतो.

*कुत्रं.* पॉमेरेनियन, डॅशहंड यांसारख्या छोट्या कुत्र्यांत उतारवयात डावी झडप गळायला लागते. फुसफुस ऐकू आल्यावरही कित्येक कुत्री वर्षानुवर्षं ठणठणीत राहतात, म्हणून पालकाला घाबरवू नका, एक काम द्या: कुत्रं गाढ झोपलेलं असताना मिनिटाचे श्वास मोजायचे आणि कॅलेंडरवर लिहायचे. ३० च्या आत असायला हवेत. आकडा रोज चढत असेल आणि ३० ओलांडत असेल तर फुप्फुसात पाणी साचायला लागलं असण्याची दाट शक्यता. त्याच दिवशी दवाखाना. इतकी बिनखर्चाची आणि इतकी भरवशाची दुसरी चाचणी मला माहीत नाही. डॉबरमन आणि ग्रेट डेनमध्ये हृदयाचा स्नायूच ढिला पडतो. तिथे फुसफुस नसूही शकते, पहिलं लक्षण चक्कर येऊन कोसळणं हे असू शकतं. कुत्रं ईशान्य भारतातून आणलेलं असेल तर डासांतून पसरणाऱ्या हृदयकृमीसाठी रक्त तपासून घ्या.

*मांजर.* मांजर आजार लपवतं. स्नायू जाड होण्याचा आजार मेन कून आणि रॅगडॉल जातींत आनुवंशिक असतो, पण साध्या मांजरांतही होतो आणि कित्येकदा काहीच ऐकू येत नाही. उलट पूर्ण निरोगी मांजरातही फुसफुस येते. मांजर एकाएकी मागचे पाय ओढत किंचाळायला लागलं, पंजे गार पडले आणि मांडीची नाडी लागत नसेल, तर रक्ताची गुठळी महाधमनीच्या टोकाला अडकलेली असते. 'कुठून तरी पडलं असेल' म्हणून मालिश करत बसू नका. मांजराला कुत्र्याचं खाद्य कायम घालू नका. मांजरांना अन्नातून टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते कमी पडलं की हृदय ढिलं होतं, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं.

मांसल कोंबड्यांत पोटात पाणी होऊन मरतूक होते, विशेषतः थंडीत. झपाट्याने वाढणाऱ्या शरीराला लागणारा प्राणवायू पुरवताना उजव्या बाजूवर ताण येतो. शेडमधली ऊब आणि हवा खेळती ठेवणं हा तिथला अर्धा उपचार.

सहावी पायरी: आता मशीन

१९०९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत ऑगस्टस वॉलर यांनी आपल्या जिमी नावाच्या बुलडॉगचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून त्याच्या हृदयातली वीज सगळ्यांना दाखवली. जिमीला काही इजा झाली नाही, तरी त्यावर ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला गेला. मला ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगावीशी वाटते, कारण जनावराला न दुखवता शिकता येतं हे तिच्यात दिसतं.

आज कुत्र्याला उजव्या कुशीवर झोपवून ईसीजी काढतात. त्यात ताल कळतो. गाई-घोड्यात वीज वाहणारे तंतू स्नायूत खोलवर गेलेले असल्यामुळे ईसीजीवरून हृदयाच्या आकाराचा अंदाज येत नाही, तालापुरताच तो वापरायचा.

छातीच्या एक्स-रेवर कुत्र्याचं हृदय मोजायची सोपी रीत आहे. श्वासनळी दुभंगते तिथपासून हृदयाच्या टोकापर्यंतची लांबी आणि तिला काटकोनात सर्वात जास्त रुंदी घ्या. दोन्ही अंतरं छातीच्या चौथ्या मणक्याच्या पुढच्या कडेपासून मणक्यांवर मोजा आणि बेरीज करा. बहुतेक कुत्र्यांत ती साडेदहा मणक्यांच्या आत असते. ही मोजणी स्वतः पट्टी घेऊन करा, अहवालातला आकडा नुसता वाचू नका. इको मात्र बघून शिकायची गोष्ट आहे. अनुभवी माणसाच्या शेजारी उभं राहिल्याशिवाय त्यातलं काही डोक्यात उतरत नाही.

शिकायला कुठे उभं राहायचं

मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथली महाविद्यालयं नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात आणि त्यांच्या चिकित्सालयांत मोठी-लहान दोन्ही जनावरं येतात. विद्यार्थी असाल तर सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात लसीकरणाला आलेल्या निरोगी कुत्र्यांच्या रांगेत थांबा, पालकाची परवानगी घ्या आणि प्रत्येकाचं हृदय ऐका. शवविच्छेदनाची हाक आली की जा, आणि जिवंतपणी त्या जनावराच्या नोंदीत काय लिहिलं होतं ते सोबत घेऊन जा. पदविकेच्या मुलांनी तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावं की तारेची गाय आली तर मला फोन करा. घरी जनावर असलेल्यांनी आज रात्री झोपलेल्या कुत्र्याचे श्वास किंवा सकाळी रवंथ करणाऱ्या गाईचे ठोके मोजून वहीचं पहिलं पान भरावं. पुढे कधी डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर औषधांच्या चिठ्ठ्यांसोबत ती वहीही न्यावी.